टाचेखालची साखळी

१

सन २०११. मार्चची नऊ तारीख, बुधवार. उन्हाळा नुकता लागला होता. पहाटे पत्रा गार असायचा आणि दुपारी त्याला हात लावायची सोय नव्हती.

साखळीवाला नेहमीप्रमाणे पाचला उठला. वय एकाहत्तर, पण गजराची गरज त्याला कधी पडली नाही. सरकारी मोजणी खात्यात त्याने छत्तीस वर्षं साखळी ओढली होती. साखळी म्हणजे सहासष्ट फुटांची लोखंडी, शंभर कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मूठ. पुढची मूठ धरून चालायचं. मागची मूठ धरणारा खुणेवर थांबून "धरली" म्हणाला की ताण द्यायचा, खिळा रोवायचा, पुढे निघायचं. शाळा चौथीपर्यंत झाली होती. पण त्याचं पाऊल दोन फुटांचं पडायचं, आणि दोन फुटांचंच पडायचं. साहेब लोक पैज लावून ते मोजायचे आणि हरायचे. त्याचा देवावर विश्वास बेताचा होता, माणसांवर नव्हताच. पावलावर होता.

बायको गेल्यापासून घरात मोजायला वेळ बराच होता. घर दोन खोल्यांचं, एका रेषेत. मागचं दार, आतली खोली, मधली चौकट, बाहेरची खोली, पुढचं दार. खाट आतल्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून. खाटेपासून पुढच्या दारापर्यंत अकरा पावलं. रोज पहाटे तो दिवा न लावता चालायचा आणि अकराव्या पावलाला हात पुढे करायचा, की कडी हातात.

त्या दिवशी दहाव्या पावलाला कपाळ दारावर आपटलं.

दारामागच्या खिळ्याला चार जुन्या लोखंडी कड्या लटकत होत्या आणि त्यांत छत्री अडकवलेली होती. धक्क्याने त्या किणकिणल्या. साखळीवाला कपाळ चोळत उभा राहिला. झोपेत असेन, असं त्याला वाटलं. परत खाटेपाशी गेला, टाच खाटेच्या पायाला लावली, पुन्हा चालला. दहा. दिवा लावला. दहा.

म्हातारपणी पाऊल लांब पडायला लागलं असेल, म्हणून त्याने मनाची समजूत घातली. पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. म्हातारपणी पाऊल आखडतं. लांबत नाही.

२

दुपारी एक बाई आली. चाळिशीची, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती, काढायला विसरली होती. शाळेचे गणवेश शिवते म्हणाली. नदीकाठच्या मूळच्या माणसांपैकी होती. रस्ता नव्हता, कचेरी नव्हती, तेव्हापासून ती नऊ घरं नदीकाठाला होती. सरकार मागाहून आलं आणि १९१२ साली त्यांचीच जमीन त्यांनाच पट्ट्याने दिली, नव्याण्णव वर्षांसाठी. काळ्या खडकापासून उगवतीकडे एकशेऐंशी साखळ्या, दर घराला वीस.

शिवणवालीने ते कागद शोधायला आठ वर्षं घालवली होती. आधी तिचे वडील हिंडत होते. एका कचेरीच्या जिन्यातच ते बसले ते उठले नाहीत. हे सगळं तिने कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं. आता एकतीस मार्चला पट्टा संपणार होता. नव्या कायद्याने ज्यांचा कागद आणि जमीन जुळेल, त्यांच्या नावावर ती कायमची होणार होती. बाकीच्यांची सरकारजमा. कचेरीने मोजणीचं यंत्र आणून दगड ते दगड मोजलं होतं. कागदात एकशेऐंशी साखळ्या. जमिनीवर एकशेबहात्तर आणि वर थोडी. कचेरी म्हणाली, माप जुळत नाही, तेव्हा ही जमीन त्या कागदाची नव्हेच.

"म्हणजे चोरी आमच्याकडे झाली, आणि चोरी झाली म्हणून घरही आमचं नाही," शिवणवाली म्हणाली. "आता एकतीस घरं आहेत आमची. बावीस दिवस राहिलेत. बासष्ट सालच्या हिवाळ्यात फेरमोजणी झाली तेव्हा ते दगड तुम्ही रोवलेत, आबा. त्या मोजणीतलं आता कुणी उरलं नाही. तुम्हीच तेवढे."

साखळीवाला म्हणाला, त्याच्या साखळीने कधी खोटं माप दिलं नाही. खात्यात कुणालाही विचारावं.

"खात्यात कशाला? साखळीचं मागचं टोक माझ्या आजोबांनी धरलं होतं. मरेपर्यंत सांगत होते, साखळी हलकी होती. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून लोक हसायचे. आमचेच लोक. अजून आमच्या घराला 'हलकी साखळी' म्हणतात. शाळेत माझी हजेरी घेतली की मागून पोरं तेच ओरडायची."

साखळीवाल्याने तिला पाणी विचारलं नाही. उठून दार उघडलं. ती निघाली, पण चौकटीत थबकली आणि मागे वळून दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवली, गिऱ्हाइकाच्या अंगावरून फिरवावी तशी.

"खोली आटलीय तुमची," ती म्हणाली. "धुतल्यावर कापड आटतं ना, तशी. शिवणीवर ओढ बसलीय बघा."

३

रविवारी मुलगा आला. मुलगा गवंडी होता, हाताखाली चार माणसं बाळगून होता आणि बापाला थोडा घाबरून होता. तोवर दहाची नऊ झाली होती. कपाटाचं दार पुरतं उघडत नव्हतं, खाटेला अडत होतं. साखळीवाल्याने छताचे वासे मोजले. सात होते, तसे सातच. फक्त जवळ जवळ आल्यासारखे.

मुलाने पोलादी टेप काढली, बापाला एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. बावीस फूट. पुन्हा लावली. बावीस. घराचा कागद काढून वाचला. त्यातही बावीस.

साखळीवाला म्हणाला, चालून बघ. मुलगा चालला. मोजता मोजता मध्येच हसला आणि म्हणाला, मी माणूस आहे, फूटपट्टी नव्हे. खाट तुम्हीच सरकवली असेल, कपाट फुगलं असेल, आणि डोळे दाखवून घ्या एकदा. मग टेप खटकन गुंडाळली.

"बाबा, कागदावर बावीस, टेपवर बावीस. कुठे कमी आहे ते तुम्हीच सांगा."

मुलाचं बोलणं उर्मट नव्हतं. पण ते शब्द मुलाचे नव्हते. एकोणपन्नास वर्षांपूर्वी तेच, त्याच क्रमाने, साखळीवाल्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले होते.

मुलाने जाता जाता खरं कामाचं बोलून घेतलं. ती शिवणवाली बाई येऊन गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तिने कितीही रडगाणं गायलं तरी बाबांनी अळीमिळी गुपचिळी धरावी. घर आज ना उद्या नातवंडांचं होणार आहे. साखळीवाल्याने टेप तेवढी मागून ठेवून घेतली, आणि मुलाने ते कबूल झालं असं धरलं.

तो गेल्यावर भर दुपारी मागच्या अंगाला आवाज झाला. मागे बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीचं मोकळं आवार होतं. मातीवरून लोखंड ओढत नेल्याचा आवाज. खर्र, थांबा, खर्र. छत्तीस वर्षं ऐकलेला. दुसऱ्या कशाचा असता तर त्याला कळलं नसतं.

आवाज थांबला. मग कुणीतरी हळू म्हणालं, "धरली."

दारामागच्या चार कड्या किणकिणल्या. वारा नव्हता.

४

त्या चार कड्या कुठून आल्या, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. बायकोलाही ते भंगारच वाटायचं.

बासष्टच्या हिवाळ्यात साखळीवाला बावीस वर्षांचा होता. नोकरीला सहा महिने झाले होते. नदी ओलांडताना साखळी खडकात अडकली. त्याने रागाने हिसडा दिला, ती तुटली, चार कड्या वाकल्या. साखळी तोडणाऱ्याला खात्यात त्याच दिवशी घरी पाठवायचे. घरी आई होती, दोन बहिणी होत्या, आणि त्याहून मोठी त्याची मिजास होती. लोहार दोन दिवसांच्या वाटेवर. त्याने वाकलेल्या कड्या काढून घेतल्या, तुटकी टोकं जोडली आणि गप्प राहिला.

पण साखळी रोज सकाळी तपासली जायची. तंबूसमोर दोन खुंट्या ठोकलेल्या असत, त्यांच्यामध्ये बरोबर सहासष्ट फूट. साखळी त्यांत ताणायची, मुकादम मान हलवायचा, मग काम सुरू. पहाट व्हायच्या आत साखळीवाल्याने एक खुंटी उपटली आणि चार कड्यांइतकी अलीकडे ठोकली. जुन्या भोकावर दव पडलेलं गवत नीट बसवलं.

मुकादमाने सकाळी साखळी ताणली, मान हलवली.

मागचं टोक धरायला मूळच्या माणसांपैकी एक म्हातारा आला होता. आपली जमीन मोजायची तर आपलाच माणूस लागतो, असा त्यांचा हट्ट. आणि ते मूठ हातात धरत नसत. अनवाणी टाचेखाली दाबत. माप जमिनीला कळलं पाहिजे म्हणत. साहेबाला त्याची गंमत वाटायची. त्या सकाळी म्हाताऱ्याने साखळी उचलून खुणेपाशी आणली, हातात जोखली, आणि पुढे बघून म्हणाला, "हलकी लागतेय आज."

"सकाळचं लोखंड हलकंच लागतं," साखळीवाला म्हणाला. सगळे हसले. म्हातारा हसला नाही. त्याने मूठ टाचेखाली घेतली. "धरली."

अठरा दिवस मोजणी चालली. अठरा दिवस ती खुंटी जागेवर उभी होती, आणि साखळी रोज बरोबर भरत होती. एकशेऐंशी साखळ्या पुऱ्या झाल्या तेव्हा ओढा अजून पुढे होता, पावणेपाचशे फुटांवर. आमची जमीन ओढ्यापर्यंत आहे, असं नऊ घरांनी सांगितलं. कागदात ओढा नव्हता. म्हातारा साखळीवाल्यासमोर येऊन उभा राहिला. साहेबावर त्याचा भरवसा नव्हता, साखळी ओढणाऱ्यावर होता.

तेव्हा साखळीवाला ते बोलला होता. कागदावर एकशेऐंशी, खिळ्यांवर एकशेऐंशी. कुठे कमी आहे ते तुम्हीच सांगा.

उरलेली पट्टी सरकारी शिल्लक ठरली. वखारीला बरीचशी गेली. ओढ्याकाठचा शेवटचा तुकडा चोख कामाचं बक्षीस म्हणून साखळीवाल्याला मिळाला. त्यावर त्याने हे घर बांधलं. ओढा पुढे बुजवला, त्याची गल्ली झाली. त्या मोजणीनंतर लगेच साखळी भंगारात निघाली तेव्हा ती त्याने मागून घेतली आणि आतल्या खोलीत खुंटीला टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती अभिमानाने दाखवायचा.

५

बावीस तारखेला सात पावलं राहिली.

तो रोज मोजत होता आणि रोज स्वतःशी भांडत होता. भिंतीला भेग नव्हती. फरशी उखडली नव्हती. मुलाची टेप तो ठेवून घेऊन बसला होता, ती बावीसच सांगायची. तिच्यावरचे आकडेच जवळ आले असतील का, म्हणून त्याने टेपेला वीत लावून पाहिली. वीत बरोबर बसली. मग वीत तरी कशी होती? हाताला हात लावून मोजायचं तर दुसरा हात कुणाचा आणायचा? असं मन भरकटायला लागलं की तो उठून तोंड धुवायचा.

आवाज रोज दुपारी यायचा. पहिल्यांदा वखारीच्या फाटकापाशी. मग आवाराच्या मध्यात. मग मागच्या पायरीखाली. "धरली." रागावून नाही, घाईने नाही. कामावरचा माणूस म्हणतो तसं. वखारीच्या फाटकाला कुलूप होतं. साखळीवाल्याने दोनदा जाऊन ते ओढून पाहिलं. गंजून एक झालं होतं.

चोवीस तारखेला दुपारी तो खाटेवर पडला होता. डोळा लागला नव्हता, हे तो पुढे शपथेवर सांगू शकला असता. पण कुणी विचारलं नाही. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. मागचं दार त्याने सकाळीच लावलं होतं. खाटेवरून बघितलं तर ते उघडं होतं.

खुंटीवर साखळी नव्हती.

ती जमिनीवर होती. मागच्या उंबऱ्यापासून खाटेच्या कडेने पुढे गेलेली, ताठ, कुठेही झोळ नसलेली. उंबऱ्यावर पितळी मूठ होती. मुठीवर टाच होती.

अनवाणी, भेगाळलेली टाच. भेगांत नदीचा गाळ भरलेला, आणि तो ओला होता. घोट्याच्या वर दाराची सावली होती. साखळीवाल्याने डोळे वर नेले नाहीत. साखळी कुठे जाते ते बघावं म्हणून त्याने नजर उंबऱ्यावरून सरकवत आपल्याकडे आणली.

पुढची मूठ त्याच्याच हातात होती.

मागून आवाज आला. "हलकी लागतेय."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुन्हा बघितलं तेव्हा साखळी खुंटीला होती आणि दार लावलेलं होतं. दाराशी जाऊन त्याने उंबऱ्यावर हात फिरवला. दगड ओलसर लागला. बघता बघता तो उन्हाने सुकला.

त्याने साखळी खांद्यावर टाकली, दारामागच्या चार कड्या काढल्या. छत्री खाली पडली ती तशीच राहिली. पुढचं दार आता मधल्या चौकटीला घासत होतं. बाहेर पडायला त्याला अंग चोरून आडवं व्हावं लागलं.

६

शिवणवाली मशीनवर बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग कड्यांकडे. पाय थांबले, मशीन थांबलं.

साखळीवाला म्हणाला, लोहार गाठायला हवा.

एकोणतीस तारखेला सकाळी काळ्या खडकापाशी कचेरीचा मोजणी साहेब यंत्र घेऊन आला. एकतीस घरांची माणसं आली. साखळीवाल्याने आधी चार कड्यांशिवाय साखळी टाकली. वीस साखळ्या. पुढची मूठ पहिल्या दगडावर बरोबर टेकली. मग सरळ केलेल्या कड्या आकड्याने जोडल्या. साहेबाने यंत्र लावलं. सहासष्ट फूट. पुन्हा खडकापासून वीस साखळ्या. मूठ दगड ओलांडून त्रेपन्न फूट पुढे गेली.

साहेबाने विचारलं, साखळी रोज तपासत होते, मग हे कळलं कसं नाही?

"खुंटी हलवली होती."

"कुणी?"

"मी."

साहेबाने ते लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. साखळीवाल्याचा मुलगा दूर एका झाडाखाली उभा होता. सही झाल्यावर तो पाठ फिरवून निघून गेला.

साहेब म्हणाला, पुढचं यंत्राने करू, आबांना त्रास नको. शिवणवाली नको म्हणाली. तिने चपला काढल्या, मागची मूठ जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर टाच दिली.

"धरली."

साखळीवाला चालला. साखळीमागून साखळी, खिळ्यामागून खिळा. लोक मागून येत होते. दोन वेळा तो पाणी प्यायला. शिवणवाली प्रत्येक खुणेवर वाकून साखळी उचलायची आणि पुढे आणायची. शंभराव्या साखळीला ती म्हणाली, "जड आहे हो ही."

"एवढीच असते," साखळीवाला म्हणाला.

नंतर थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी तुमचे आभार मानणार नाही, आबा."

"नको मानूस."

वखारीच्या फाटकाचं कुलूप साहेबाच्या माणसांनी तोडलं. एकशेऐंशीवी साखळी आवारातून निघाली, मागच्या दाराने घरात शिरली, खाटेच्या कडेने गेली, मधली चौकट ओलांडून बाहेरच्या खोलीत आली. साखळीवाला पुढच्या दाराबाहेर उभा होता. त्याने ताण दिला. मूठ पुढच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. ना बोटभर जास्त, ना कमी.

दोन्ही दारं उघडी होती. घरातून आरपार दिसत होतं. दूर आवारात, उन्हात, मागच्या टोकावर शिवणवालीची टाच होती. त्याने एकदाच बघितलं, मग खिळा रोवला.

साहेबाने आकडा मोठ्याने वाचला. लोकांतलं कुणी रडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी बाई खाली वाकली, उंबऱ्याजवळची माती चिमटीत घेऊन परत सोडली.

साखळीवाल्याने साखळी गोळा करून शिवणवालीच्या हातात दिली. मग तो आत गेला. बांधायचं फारसं काही नव्हतं. दोन जोड कपडे, चष्मा, बायकोचा फोटो. खाटेच्या पायाला टाच लावून तो वळला आणि दाराकडे निघाला.

अकरा पावलं भरली.

उंबऱ्याबाहेर पडून त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.